तिसऱ्या प्रकरणातलं नाव

आप्पा, तो फोन तुम्ही करायलाच नको होता.

तुम्ही मला कधी फोन करायचा नाहीत. सहा महिने रोज समोर होतात तेव्हा गरज नव्हती, आणि नंतर मीच करायचे, सणावाराला नाहीतर काही अडलं की. त्या दिवशी स्क्रीनवर तुमचं नाव आलं तेव्हा मला वाटलं, चुकून लागला असेल. तुम्ही म्हणालात, "ताई, साहेब सांगी राहिले, आपलं ते छापून आलं म्हणे. खरं का?" मी म्हटलं, खरं आहे. मग उगीच आपलं विचारल्यासारखं, हसत हसत तुम्ही विचारलंत, "माझं नाव-बिव आहे का त्यात कुठे?" आणि मी म्हटलं, "आहे ना, आप्पा."

नव्हतं. कुठेच नव्हतं. त्या शोधनिबंधावर तीन नावं होती: माझं, विद्यापीठातल्या माझ्या गाईड सरांचं, आणि तुमच्या प्लांटच्या साहेबांचं, ज्यांना मी सहा महिन्यांत चार वेळा भेटले असेन. तुम्ही "मग ठीक" म्हणालात, आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत आणि फोन ठेवलात. तीन आठवड्यांनी तुमचं नाव पुन्हा स्क्रीनवर आलं, तेव्हा पलीकडे कुसुमकाकू होत्या, तुम्ही गेलात हे सांगायला.

मला शोक करायचा आहे, पण आधी राग येतो. तुमच्यावर येतो, सरांवर येतो, विद्यापीठावर येतो, आणि हे सगळे संपले की ज्या व्यक्तीवर यायला हवा तिच्यावर येतो. तुम्ही सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या सुताच्या कारखान्यात डाय-टेस्टच्या, म्हणजे रंगचाचणीच्या, खोलीत तीस वर्षं काढलेला माणूस, आणि मी पीएच.डी. अर्ध्यावर असताना तिथे सहा महिन्यांसाठी आलेली इंटर्न. आपलं नातं कागदावर मांडायचं तर एवढंच. पण तेवढंसुद्धा कागदावर नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी सिल्वासातच वाढले. बाबा रत्नागिरीकडून इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कुठल्या ना कुठल्या कंपनीत होते, पण मी एकाही गेटच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मग पॉलिस्टरच्या धाग्यावर पीएच.डी. करायला दुसऱ्या शहरात गेले, आणि तिथे तीन वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांशी बोलत बसले. माझ्या पुढच्या दोन बॅचेसची मुलं डॉक्टर होऊन तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि दर जूनमध्ये पुन्हा अर्ज भरत होती. ते बघून मी इंटर्नशिपचा अर्ज केला. विद्यापीठाचंच परिपत्रक होतं, संशोधक विद्यार्थ्यांनी उद्योगात अनुभव घ्यावा म्हणून. ते मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "परिपत्रक मीही वाचलंय. ते काढायचं असतं, त्याप्रमाणे वागायचं नसतं." सर वाईट माणूस नाहीत, आप्पा. त्यांना खरंच वाटत होतं की मी वाया जाईन.

पहिल्या दिवशी तुमच्या गेटवर वॉचमनला माझं काय करायचं ते कळेना. त्याच्याकडे कामगारांची वही होती, ठेकेदाराच्या माणसांची होती आणि पाहुण्यांची होती. पीएच.डी. करणाऱ्या बाईची नव्हती. म्हणून सहा महिने रोज सकाळी मी पाहुणी म्हणून सही करून आत आले. तुम्ही मला बघून म्हणालात, "मॅडम, बसा. चहा घ्या. साहेब येतील." मी म्हटलं, मला साहेब नकोत, मला काम बघायचंय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग चहा पिऊन बघा."

तुमचं काम मला तेव्हा अगदी सोपं वाटलं होतं. प्रत्येक बॉबिनमधलं थोडं थोडं सूत घेऊन मशीनवर एक लांबच लांब मोजा विणायचा, तो निळ्या रंगात उकळायचा, वाळवायचा आणि बघायचा. ज्या बॉबिनने रंग कमी घेतला तिथे फिका पट्टा दिसतो. तो माल बाजूला काढायचा. एवढंच. रंग बघायला कंपनीने दिव्यांची खास पेटी दिली होती आणि तुम्ही ती वर्षानुवर्षं कॅलेंडर टेकवायला वापरत होतात. मोजा हातावर चढवून उत्तरेच्या खिडकीशी जायचात. "लाईट सगळ्याला गोरं करते," म्हणायचात. मी रंग मोजायचं यंत्र घेऊन आले होते, आकडे देणारं. पहिल्या आठवड्यात मी एकेक पट्टा यंत्राखाली धरायचे आणि तुम्ही तोवर अख्खा मोजा बघून, हात धुऊन, डबा उघडून बसलेले असायचात. तुमच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तुम्हाला वाटलं मी घरच्या आठवणीने रडतेय. घर माझं वीस मिनिटांवर होतं.

आपलं भांडण दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं. फिके पट्टे का येतात, या गोष्टीवरून. माझं म्हणणं, कच्चं सूत पक्कं करणाऱ्या मशीनच्या हीटरमध्ये दोष आहे. तुमचं म्हणणं, मशीन निर्दोष आहे, दोष गोदामात आहे. वर पत्रा तापतो, वरच्या फळ्यांवरचं कच्चं सूत तिथेच अर्धं शिजतं, मग ते रंग काय घेणार. तुम्ही खिडकीशी मोजा धरून बोट ठेवायचात, "हा वरचा माल. हा पण वरचा." लेबल न बघता. मी म्हटलं, आप्पा, असं चालत नाही, सिद्ध करावं लागतं. तुम्ही म्हणालात, "मग कर ना सिद्ध. त्यासाठीच आली ना तू?"

आणि मी चार महिने केलं. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज नमुने घेतले. पत्रा तापला तर अख्खं गोदामच तापणार, वर काय नि खाली काय, असं मी धरून चालले होते. तुम्ही एकदा विचारलंतही, "सगळीकडचं घेतलं ना?" मी म्हटलं, सगळीकडचं. मग एक दिवस मी तुम्हाला ग्राफ आणून दाखवला. जागेमुळे रंगात काही फरक पडत नाही, सरळ रेघ. मला फार आनंद झाला होता, आता सांगायला लाज वाटते. तुम्ही चष्मा लावून ग्राफ बघितलात आणि म्हणालात, "तुझा ग्राफ बराबर असेल. माझा मोजा पण बराबर आहे." आणि विषय संपवलात. मी घरी जाऊन बाबांना म्हटलं, अनुभवी माणसं हट्टी असतात.

पाचव्या महिन्यात मी गोदामात गेले तर तुम्ही शिडीवर होतात, वरून बॉबिन काढत. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "टेस्टला. तू नाही का वरून काढत?" मी म्हटलं, "आप्पा, इंटर्नला शिडी चढायची परवानगी नाही. पहिल्या दिवशी सेफ्टीवाल्यांनी कागदावर सही घेतलीय. विम्यात बसत नाही म्हणे." तुम्ही शिडीवरच थांबलात. मी चार महिने नमुने घेतले होते ते माझा हात पोचेल तिथपर्यंतचे, खालच्या तीन फळ्यांवरचे. गोदाम लांबीने सगळं पालथं घातलं होतं, उंचीने नाही. तुमच्या मनातही आलं नाही की कुणी हात पोचेल तिथेच थांबेल, आणि माझ्या मनात आलं नाही की नियम मोडून वर काय आहे ते बघावं. "चार महिने खाली खाली खेळी राहिली तू?" एवढंच बोललात. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

त्यानंतर शेवटपर्यंत शिडी तुम्ही चढलात. मला चढता येत नाही म्हणून, माझ्यासाठी, गुडघ्याला पट्टा बांधून. तुमची पाळी संपल्यावर थांबायचात. मी खाली उभी राहून फळीचा नंबर सांगायचे, तुम्ही बॉबिन द्यायचात, मी चिकटपट्टी लावून लिहायचे. मोजे विणले, रंगवले, मापले. फरक इतका स्पष्ट निघाला की यंत्र नसतं तरी चाललं असतं. मी ग्राफ घेऊन धावत आले. मला वाटलं, आता तरी म्हणाल, बघ, सांगितलं होतं ना. तुम्ही म्हणालात, "चल, भाकरी खाऊन घे." याचाही मला राग आहे. एकदा तरी म्हणायचं होतंत.

तेच माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. प्रबंधात नवीन असं काही असेल तर तेवढंच आहे, बाकी चार प्रकरणं कुणीही लिहिली असती. आणि त्या प्रकरणात तुम्ही नाही.

कसं झालं ते सांगते. तुम्हाला थोडं माहीत आहे, थोडं मी लपवलं. इंटर्नशिपच्या फॉर्मवर उद्योगातल्या मार्गदर्शकाचं नाव लिहायचं होतं आणि खाली बारीक अक्षरात अट होती, किमान पदव्युत्तर पदवी. मी तुमचं नाव लिहायला निघाले तेव्हा तुम्हीच पेन धरलंत. "माझं काय लिहिते, मी दहावी. साहेबाचं लिही आणि मोकळी हो." मी चिडले, तुम्ही हसलात, आणि मी साहेबांचं लिहिलं. मग दर आठवड्याला मार्गदर्शकाने माझं मूल्यमापन करायचं होतं. त्या सगळ्या कागदांवर साहेबांनी शेवटच्या दिवशी एकाच बैठकीत सह्या केल्या, फोनवर बोलत बोलत. 'विद्यार्थिनीची शिकण्याची तयारी: उत्कृष्ट.' त्यांना कसं कळलं, देव जाणे.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर माझा आणि साहेबांचा फोटो आहे, उद्योगाशी नातं वगैरे मथळ्याखाली. तो फोटो तुम्ही काढलात. माझ्या फोनवर, दोनदा, कारण पहिल्यांदा साहेबांचे डोळे मिटले होते. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या खोलीत माझे ते सहा महिने 'विभागात अनुपस्थित' म्हणून धरले गेले आणि मला कारण लेखी मागितलं. मी परिपत्रकाची प्रत जोडली. ती परत आली, सोबत चिठ्ठी, 'सदर परिपत्रक हे कारण होऊ शकत नाही.' तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. मला त्या खोकल्याबद्दल विचारायला हवं होतं. काकू म्हणतात, तुम्ही डॉक्टरकडे जायचं नाव काढू द्यायचा नाहीत. पट्टा बांधून शिडी चढणाऱ्या माणसाला मी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला धाप का लागते.

सरांनी तिसरं प्रकरण वाचलं आणि पहिल्यांदा माझं कौतुक केलं. मग पेन्सिलीने एक ओळ खोडली. मी लिहिलं होतं की गोदामाच्या उंचीचा संशय कारखान्यातल्या एका अनुभवी तंत्रज्ञाने व्यक्त केला. सर म्हणाले, हे असं लिहायचं नसतं, परीक्षक विचारतील कोण हा, त्याचा शोधनिबंध कुठे आहे. 'प्राथमिक पाहणीत असे दिसून आले' असं लिही. मी लिहिलं. वाद घातला नाही. घातला असता तर सर पाच मिनिटं रागावले असते आणि कदाचित ऐकलंही असतं. पण मला लवकर सुटायचं होतं, शोधनिबंध पाठवायचा होता, आणि साहेबांचं नाव टाकलं की कंपनीची परवानगी लगेच मिळत होती. त्या ओळीतही तुमचं नाव नव्हतंच, नुसतं 'एक तंत्रज्ञ' होतं. म्हणजे सरांनी खोडण्याच्या आधीच मी निम्मं खोडलेलं होतं.

शेवटच्या दिवशी आपलं दुसरं भांडण झालं, ते तर तसंच राहिलं. मी म्हटलं होतं, पीएच.डी. झाली की मी इथेच नोकरीला येणार, अशाच एखाद्या प्लांटमध्ये. तुम्हाला आवडेल असं वाटलं होतं. तुमचा चेहरा उतरला. "इथे नको येऊ, ताई. शिकलेला माणूस इथे एक तर साहेब होतो, एक तर निघून जातो. तू कॉलेजात जा, पोरांना हा मोजा शिकव." मी वैतागले. कॉलेजात जागा कुठे आहेत, आप्पा? माझी हुशार मैत्रीण तीन कॉलेजांमध्ये तासावर शिकवते आणि तिला कुठल्याच कॉलेजात बसायला खुर्ची नाही. सर म्हणतात प्राध्यापक हो, तुम्ही म्हणता प्राध्यापक हो. दोघांनाही ठाऊक नाही की ते दार कधीचं बंद आहे. आणि तुमचं दार उघडं होतं, तर तुम्हीच आतून लावून घेत होतात. मी म्हटलं, मग तुम्ही तीस वर्षं का राहिलात? तुम्ही म्हणालात, "मला कोणी सांगितलं नव्हतं ना." तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला.

तुम्ही गेल्यावर मी अथालला, तुमच्या चाळीत आले. तुमची खोली मी पहिल्यांदाच बघितली, इतक्या वेळा बोलावूनही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. शिरपूरकडून आलेली तुमच्या गावाकडची माणसं होती. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, "ही ती मॅडम. यांच्या पुस्तकात त्यांचं नाव छापलंय." सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ सरकून मला जागा करून देऊ लागले. काकू म्हणाल्या, "चाळीत सगळ्यांना सांगितलं त्यांनी. म्हणायचे, सुपडूचं नाव इंग्रजीत छापलं, आता म्हणा काय म्हणायचं ते. ताई, मला दाखवता का ते? मला वाचता नाही येणार, पण नाव कुठे ते बोटाने दाखवा फक्त."

मी म्हटलं, पुढच्या वेळी घेऊन येते. दुसरं खोटं. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर.

सिल्वासातून परतले ती सरळ सरांकडे गेले. आधी छापलेल्या निबंधात तुमचं नाव घालता येईल का ते बघितलं. नियतकालिकाने फार सौजन्याने उत्तर दिलं: घालता येईल, पण ज्यांचं नाव घालायचं त्यांची लेखी संमती हवी, सोबतच्या फॉर्मवर स्वाक्षरी. आप्पा, महिन्याभरापूर्वी तो फॉर्म घेऊन मी अथालला आले असते तर तुम्ही चष्मा शोधत शोधत सही केली असतीत. ते उत्तर वाचून मी जी रडले ती खरं तर चिडून रडले.

मग उरला प्रबंध. सर म्हणाले, ऋणनिर्देशात लिही ना, पानभर लिही, कोण अडवतंय. त्या पानावर, आप्पा, सगळे देवाचे, आईवडिलांचे आणि मेसवाल्याचे आभार मानतात. तुम्ही माझ्यावर उपकार नाही केलेत, तुम्ही शोध लावलात. मी तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात बदलली. इंग्रजीत आहे, तुम्हाला मराठीत सांगते: 'या प्रकरणाचा पाया असलेलं निरीक्षण श्री. सुपडू आनंदा बोरसे, डाय-टेस्ट विभाग, सायली, यांचं आहे. प्रस्तुत संशोधक चार महिने फक्त खालच्या फळ्यांवरचे नमुने घेत राहिल्याने तिला ते उशिरा समजलं.' सरांनी वाचलं. दुसऱ्या वाक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे तर तुला नापास करेल." मी म्हटलं, करू दे. सर म्हणाले, "आणि माझी सही हवी असेल तर हे दोन्ही काढ." मी नाही काढलं. प्रबंध जमा करायची तारीख निघून गेली. आता मुदतवाढीचा अर्ज केला आहे आणि विलंबाच्या कारणाच्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं आहे. विद्यापीठाच्या कागदावर तुमचं नाव पहिल्यांदा आलं ते असं, कारण म्हणून. सर अजून सही करायला तयार नाहीत. करतील की नाही, ठाऊक नाही.

काल काकूंना फोन करून सगळं खरं सांगितलं. म्हटलं, काकू, त्या दिवशी आप्पांना 'नाव आहे' म्हटलं तेव्हा नाव नव्हतं, तुम्हालाही खोटंच सांगितलं, आणि आता घातलंय तर सगळं अडकलंय. काकू म्हणाल्या, "ते असते ना ताई, तर म्हणाले असते, साहेबाचं लिही आणि मोकळी हो."

हो, आप्पा. तुम्ही असंच म्हणाला असतात. मला ते पक्कं माहीत होतं, आणि सोयीचं होतं, म्हणून तर तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही की तुमचं नाव यावं असं तुम्हाला वाटतं का. शेवटी ते तुम्हालाच फोन करून विचारावं लागलं.